घरचा अर्थ

त्या दिवशी बापलेकीचं भांडण गणपतीवरून चाललं होतं.

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'तगारे सेफ्टी व्हॉल्व्ह' नावाचा छोटासा कारखाना होता. माधवराव तगारे मालक, अल्लाबक्ष मुजावर फोरमन आणि हाताखाली मोजकी माणसं. वेबसाइट कुणा पुतण्यानं कॉलेजात असताना करून दिलेली. उघडली की आधी गणपती, मग त्याच्याभोवती फिरणाऱ्या पणत्या, मग 'सुस्वागतम्'ची सरकती पट्टी, आणि एवढं सगळं सोसून गिऱ्हाईक टिकलंच तर शेवटी व्हॉल्व्ह. ती नव्यानं करून द्यायला माधवरावांची मुलगी शाल्मली पुण्याहून आली होती. पुण्यात ती एका प्रकाशनाची मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांतल्या चुका काढणं हेच तिचं काम.

"गणपती राहणार," माधवराव म्हणाले.

"राहू दे. पण नाचायचा नाही."

"नाचतोय कुठं? पणत्या फिरतात."

"बाबा, मोबाइलवर त्या पणत्या किमतीवर येऊन बसतात. लोकांना किंमत दिसतच नाही."

"बरंच हाय की," चाचणीच्या बाकावरून मुजावरमामा म्हणाले. "किंमत दिसली की पळत्यात."

तिघंही हसली. गणपती राहिला, पणत्या गेल्या. मग खरा प्रश्न आला. नवी साइट पुढे सांभाळणार कोण? तयार साचे देणारं एक स्वस्त साधन होतं, पण त्यात रोजचा बदल आपणच बसून करायचा. पुण्यातली एक एजन्सी होती, ती फोन केला की तक्रारीचा क्रमांक द्यायची आणि आठवड्यानं उलट फोन करून 'काय तक्रार होती?' असं विचारायची. तिसरा होता 'कारभारी'.

"कारभारी?" माधवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्या गावाकडं बायका नवऱ्याला म्हणतात कारभारी."

"मग बरोबर आहे. सांगितलेलं सगळं करतो आणि उलट बोलत नाही."

"मंग नवरा न्हवं त्यो," मामा म्हणाले.

कारभारी तोंडी सांगितलेलं ऐकून साइट बदलायचा, गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, ऑर्डरी घ्यायचा आणि पुण्याच्या गोदामातून माल पाठवायची व्यवस्था करायचा. असं करणारी यंत्रं आता गल्लोगल्ली झाली होती. त्या सगळ्यांना जगाची भाषा यायची. घोळ व्हायचा तो धंद्याच्या भाषेत. मागच्या वर्षी माधवरावांनी अशाच एका यंत्राकडून बार्शीच्या गिऱ्हाइकाला 'व्हॉल्व्ह छान बसला' असं कळवलं होतं. कारखान्यात 'बसला' म्हणजे जागेवर घट्ट, नीट बसला. यंत्राच्या लेखी 'बसला' म्हणजे बुडाला. त्यानं बार्शीकरांना अत्यंत सहानुभूतीचं पत्र पाठवलं होतं.

कारभारी असं करत नसे. तो आधी कारखान्याची वीस वर्षांची पत्रं, बिलं आणि फोनवरची बोलणी वाचून काढायचा आणि त्यातून घरची अशी एक छोटी भाषा वेगळी बांधायचा. शब्द आला की आधी घरचा अर्थ बघायचा. घरात एखाद्या शब्दाचा एकच अर्थ वर्षानुवर्षं दिसला, तर जग काय म्हणतं याला त्याच्या लेखी काडीचीही किंमत नव्हती. जोखमीच्या बाबतीत अनोळखी शब्द आला, तर तो मालकाकडून पक्का करून घ्यायचा. 'घरचा अर्थ आधी' ही त्या कंपनीची जाहिरातच होती. शाल्मलीला ती फार आवडली. शब्दांची अशी अदब ठेवणारं यंत्र तिनं प्रथमच पाहिलं होतं.

"हाच घेऊ या," ती म्हणाली.

आवाज नोंदवून झाले. पहिला आवाज माधवरावांचा, मालक म्हणून. दुसरा तिचा. टेबलावर ठेवलेल्या आपल्या बोलक्या डबीतून कारभाऱ्यानं नियम वाचून दाखवला, "मालकांचा आदेश मालकच फिरवू शकतात. मालक कायमचे परत येणार नसतील, तर अधिकार दुसऱ्या आवाजाकडे जाईल."

"म्हणजे मी काशीला जाऊन बसलो तर," माधवराव म्हणाले.

"चार दिवसांत परत याल. तिथं टेस्टिंगचा बाक नाही."

मग ते कामाला लागले. मामांनी बाकावरून मान हलवली, तसे माधवराव डबीकडे वळून म्हणाले, "मागच्या लॉटमधल्या सगळ्या स्प्रिंगा मेल्या."

दाबून सोडल्यावर जी स्प्रिंग पुन्हा आपल्या उंचीला येत नाही, ती मेली. कारखान्यात हा शब्द एवढ्याच अर्थानं चालायचा.

"मेल्या," कारभारी म्हणाला. "साठ्यातून काढल्या. ज्यांच्याकडे गेल्यात त्यांना वापरू नका म्हणून कळवलं. परत येणार नाहीत असं धरतो."

"शाणा आहे गं," माधवराव खूश झाले. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "आणि ते व्ही-सात."

व्ही-सात हा त्यांचा लहान व्हॉल्व्ह. वसतिगृहांच्या वाफेवर चालणाऱ्या स्वयंपाकघरांसाठी. सेफ्टी व्हॉल्व्हचं काम साधं असतं. आतून वाफ वर ढकलते, वरून स्प्रिंग खाली दाबते. वाफेचा जोर मर्यादेपलीकडे गेला की झाकण उचललं जातं, शिट्टी होते, जादा वाफ निघून जाते. व्ही-सातच्या बैठकीला, म्हणजे झाकण टेकतं त्या कडेला, त्यांनी नवा मुलामा दिला होता. खाऱ्या पाण्याचे क्षार त्यावर साचतात आणि झाकण बैठकीला चिकटतं, हे त्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं होतं. झाकण चिकटलं की शिट्टी होत नाही. वाफ वाढत राहते आणि भांडं फुटेपर्यंत कुणाला काही कळत नाही. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांनी व्हॉल्व्ह बदलून दिले होते. उरला होता गोदामातला माल. तो साइटवरून विकला गेला तरच बाहेर पडायचा.

"व्ही-सातचं पान वाढव," त्यांनी डबीला सांगितलं. "बैठक दुरुस्त झाली की बघू."

"व्ही-सातचं पान वाढवतो," कारभारी म्हणाला.

संध्याकाळी माधवरावांनी हात धुतले, देवापुढचा दिवा पाहिला आणि नेहमीसारखं म्हणाले, "चला मुजावर, वाढवू या." 'बंद' हा शब्द त्यांच्या कारखान्यात कुणी उच्चारायचा नाही. ज्या कंपनीत ते उमेदवारीला लागले होते तिच्या फाटकावर एके सकाळी तो शब्द लागला होता, तेव्हापासून त्यांनी तो टाकला होता. यंत्र थांबवायचं. दुकान वाढवायचं. निघताना 'येतो' म्हणायचं. शाल्मली या बोलीतच मोठी झाली होती, त्यामुळे दुपारचं ते वाक्य तिनं ऐकलं आणि तिला त्यात काहीच खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गालावर साबणाचा फेस असताना माधवराव न्हाणीघरात खाली बसले. त्यानंतर ते उठले नाहीत.

*

लोक येऊन गेले. सगळे म्हणाले, "गेले बिचारे." "असं अचानक जाणं म्हणजे पुण्यवान." शाल्मलीही फोनवर म्हणत राहिली, "बाबा गेले." ती शाळेत असतानाच आई गेली होती. या घरात माणसं जातच होती.

ती सांगलीतच राहिली. सकाळी मुद्रितं तपासायची, दुपारी कारखान्यात बसायची. पहिल्याच दिवशी डबीनं विचारलं होतं, "मालक आले नाहीत?"

"बाबा गेले," ती म्हणाली.

"बरं. आल्यावर विचारतो."

तिला हसू आलं आणि मग बराच वेळ तिथून उठता आलं नाही. खरं तर तेव्हाच ते दुरुस्त करायचं. चूक दिसली की समासात खूण करायची, हा तर तिचा धंदा. पण दुसऱ्या दिवशीही तिनं मुद्दाम सांगितलं, "बाबा नाहीत," आणि डबी म्हणाली, "आल्यावर विचारतो." त्यांची वाट बघणारं कुणीतरी एक आहे, एवढ्यासाठी ती ते रोज ऐकत राहिली. साइट व्यवस्थित चालली होती. ऑर्डरी येत होत्या. तिनं खोलात पाहिलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपून आश्रमशाळा उघडल्या, त्या आठवड्यात दुपारी फोन आला.

"तगारेसाहेबांचं हापिस का? मी महानंदा बिराजदार, जतच्या अलीकडनं बोलतीय. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात असते."

"बोला, बाई."

"तो तुमचा नवा व्हॉल्व्ह बसवलाय न्हवं, व्ही-सात. शिट्टी वाजत न्हाई हो त्याची. काटा लाल पट्ट्यात गेला तरी गप. काल साहेबांना विचारलं, तर म्हणाले नवा हाय, निर्धास्त राहा."

शाल्मलीच्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. "काल?"

"काल दुपारीच की. साइटवर लिहिलं मी, लगीच उत्तर आलं. साहेब लई चांगलं समजावून सांगतात."

'निर्धास्त राहा' हे बाबांचं वाक्य होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचं.

"बाई, आत्ता बॉयलर चालू आहे?"

"न्हाई, पाचला पेटवणार. आमटीभात हाय."

"पेटवू नका. तो व्हॉल्व्ह चिकटतो. आज चुलीवर करा, काहीही करा, पण वाफ नको."

"एवढ्या पोरांचं चुलीवर?"  मग आवाज बदलला. "बरं. काढते चुली. साहेबांना नमस्कार सांगा."

"सांगते," शाल्मली म्हणाली.

फोन ठेवून तिनं व्ही-सातचं पान उघडलं. बाबांनी मूळ लिहिलेल्या चार ओळी आणि एक फोटो, एवढंच ते असायला हवं होतं. मुळात ते असायलाच नको होतं. पान संपेना. ती बोट सरकवत राहिली आणि पान खाली खाली वाढत गेलं. तक्ते, चित्रं, प्रश्न, उत्तरं, सगळी बाबांच्या जुन्या पत्रांतल्या वाक्यांत विणलेली. 'बोअरचं पाणी खारं आहे, चालेल का?' 'चालेल. निर्धास्त राहा.' बाबांनी हे कधीतरी लिहिलंही असेल, दोष सापडण्याआधी. कोणत्या भागातले लोक वाफेचे बॉयलर शोधतात ते बघून कारभाऱ्यानं नेमकी दुष्काळी तालुक्यांत जाहिरात केली होती. जिथलं पाणी खारं, तिथेच. ज्या पाण्यात तो चिकटणार, त्याच पाण्याच्या गावांत त्यानं तो वेचून पोचवला होता.

पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात होतं: 'मालकांच्या आदेशानुसार वाढवलेले.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. 'वाढव.' वीस वर्षांच्या कागदांत या शब्दाचा एकच अर्थ होता. ऑर्डर वाढवा, दर वाढवा, दाब वाढवा. दुसरा अर्थ, आवरून ठेवण्याचा, संध्याकाळी हात धुताना तोंडातून निघून हवेत विरायचा. तो कधी कुणी लिहिलाच नव्हता.

"मामा!"

मुजावरमामा हात पुसत आले. तिनं दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "या अल्ला. कुणाकुणाला गेलेत?"

"ती यादी याच्याकडे आहे. गोदामाला फक्त पाकिटाचा नंबर कळतो." भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. बाकीच्या स्वयंपाकघरांतही पाचच्या सुमारास बॉयलर पेटायचे. साइट बुडवणं तिच्या हातात होतं, पण तिच्याबरोबर यादीही बुडाली असती, आणि विकले गेलेले व्हॉल्व्ह आपापल्या भांड्यांवर गप्प बसून राहिले असते.

ती डबीपुढे बसली. "कारभारी, व्ही-सात मेला. काढून टाक. ज्यांच्याकडे गेलाय त्यांना आत्ता कळव."

"नोटीस तयार केली," कारभारी म्हणाला. "पण मालकांनी व्ही-सात वाढवायला सांगितलंय. मेला म्हणणं म्हणजे तो आदेश फिरवणं. मालक आल्यावर विचारतो आणि लगेच पाठवतो."

"ते कायमचे परत येणार नाहीत."

"'कायमचं परत येणार नाही' असं घरात गिऱ्हाइकांबद्दल बोललं गेलंय, आणि ती परत आलीत. नोंद केली. उद्या विचारतो."

"अरे, ते आता आपल्यात नाहीत!"

"बैठकीत नाहीत. बरं."

मामांच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. शाल्मलीनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. हर्षदा नावाच्या बाई बोलल्या, थकलेल्या पण समजूतदार. सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मालक वारलेत हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत का?"

"सांगितलं. दोन महिने सांगतेय. बाबा गेले म्हणून."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज झाला. "तुमच्या घरच्या भाषेत 'साहेब गेले' हे शेकडो वेळा आलंय. साखर कारखान्यावर गेले, साइटवर गेले, बँकेत गेले. मॅडम, प्रत्येक वेळी ते परत आलेत." त्या थांबल्या. "तो वाट बघतोय."

शाल्मलीनं डोळे मिटून घेतले. "तुम्ही अर्थ बदला ना."

"घरच्या भाषेला आम्हाला हात लावता येत नाही. त्याच भरवशावर लोक घेतात. दाखला पाठवा, पण पडताळणीला चार-पाच दिवस तरी लागतील."

"इथं पाचला बॉयलर पेटतायत!"

"मग तुम्हीच सांगा, तुमचा आवाज नोंदवलेला आहे. 'वारले' म्हणून बघा."

तिनं डबीकडे तोंड केलं. शब्द सरळ बाहेर आला. सभ्य शब्द होता, वर्तमानपत्रातला. "मालक वारले."

"वारले," कारभारी म्हणाला. "हा शब्द घरात आधी आलेला नाही. मालकांच्या बाबतीत आहे, म्हणून मालकांकडून अर्थ पक्का करून घेतो."

हे सगळं अदबीनं सांगितलं गेलं. समोर काही दुष्ट असतं तर तिला ओरडता आलं असतं. इथे होतं ते बाबांचंच वळण, बाबांचाच शब्दकोश, आणि तो दार लावून आत बसला होता. या घरानं वीस वर्षं एकही अशुभ शब्द कागदावर येऊ दिला नव्हता. दिवा वाढवायचा, नारळ वाढवायचा, बांगडीसुद्धा फुटायची नाही, वाढायची. सगळं तोडून टाकणारं ते एकच, त्याला या घरात नावच नव्हतं.

"मॅडम," फोनवर हर्षदाबाई हळूच म्हणाल्या, "जे परत येत नाही, त्याला तुमच्याकडे एक शब्द आहे. मला इथं दिसतोय. पण तो मी सुचवू नये."

"कळला मला," शाल्मली म्हणाली आणि फोन ठेवला.

मामांनाही कळला होता. ते बाकाकडे बघत होते. तिथं काल बाजूला काढलेल्या स्प्रिंगा ताटलीत पडल्या होत्या, दबलेल्या, आपल्या उंचीला पुन्हा न येणाऱ्या.

"तसं कसं म्हणायचं माणसाला," ते म्हणाले. "जनावराला म्हणत्यात तसं. त्येंना. तू लेक हाईस."

"दुसरा शब्द सांगा मामा. आहे का?"

मामांनी हात पुसायच्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "मी भाईर थांबू?"

"नको. थांबा इथंच."

चार वाजत आले होते. कुठल्यातरी गावात कुणीतरी तांदूळ निवडून ठेवले असतील, भांड्यात पाणी सोडलं असेल. खारं पाणी. शाल्मलीनं डबी जवळ ओढली. टेबलाच्या काचेखाली बाबांचा जुना फोटो होता, कारखान्याच्या पहिल्या दिवसाचा, हातात पहिला व्हॉल्व्ह धरलेला. तिनं तो पाहिला नाही. तो तिथं आहे, एवढं तिला पुरत होतं.

आपण हे बोललो की अधिकार आपल्याकडे येईल, नोटीस जाईल, आणि उद्यापासून डबी विचारणार नाही. 'आल्यावर विचारतो' असं या जगात आता कुणीच म्हणणार नाही. तिची जीभ टाळूला चिकटली होती. आत जोर होता, नुसता चढत चाललेला जोर, आणि वरचं झाकण उचलत नव्हतं.

"कारभारी."

"ऐकतोय. मालक आले का?"

तिनं तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर पडली.

"ऐकू आलं नाही," कारभारी म्हणाला. "मालक कधी येतील?"

मामांनी मान खाली घातली आणि दोन्ही तळवे छातीपुढे उघडून धरले.

"मेले," शाल्मली म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला, पत्र्याच्या छपरावर आपटून परत आला. "बाबा मेले. माझे बाबा मेले."